चळवळीच्या छायाचित्रकारांनो, हक्क नोंदवा!

१४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा आणि ७ डिसेंबर १९५६ ची मुंबईतील बाबासाहेबांची अंत्ययात्रा आमच्या कित्येक पिढ्यांनी पाहिली ती छायाचित्रांतूनच. ती घराघरांत लागली, कॅलेंडरांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आली. पण ती टिपणारे हात कोणाचे, हे किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? ज्या समाजाचे श्रम हजारो वर्षे बिननावाचे राहिले, त्याच्याच चळवळीत छायाचित्रकाराचे श्रमही बिननावाचे राहावेत, हे आम्हाला मान्य नाही.

आजही चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर, भीमा कोरेगावला आमचे तरुण पदरमोड करून कॅमेरा घेऊन उभे असतात. त्यांचे फोटो दुसऱ्याच दिवशी भलत्याच्या फ्लेक्सवर झळकतात. जाब विचारला तर उत्तर ठरलेले, ‘तुझी नोंदणी आहे का?’

हा प्रश्नच फसवा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि ते काढणारा तिचा कर्ता. फोटो काढला त्याच क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. मग ती करायची कशासाठी? पुराव्यासाठी! कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. गरिबाच्या शब्दावर विश्वास ठेवायला कचेऱ्या तयार नसतात. म्हणूनच कागद हवा.

अर्ज दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन करता येतो. कलाकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. मालावर वापरायची असेल तर २,०००. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. मूळ निगेटिव्ह किंवा कॅमेऱ्यातील मूळ फाइल मात्र जिवापाड जपा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षे टिकतो. म्हणजे ही मुलाबाळांचीही मिळकत आहे.

एक मेख लक्षात ठेवा. जयंती समितीने किंवा प्रकाशकाने पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा ठरतो. तेव्हा कॅमेरा उचलण्यापूर्वी दोन ओळी लिहून घ्या. हक्क दुसऱ्याला देतानाही लेखी द्या, मुदत घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षे धरतो.

काही मंडळी म्हणतील, चळवळीत कसला आला मालकीहक्क? त्यांना आमचे सांगणे आहे की, हक्क असणे म्हणजे फोटो कुलपात ठेवणे नव्हे. हक्कदार तो चळवळीला फुकटही देऊ शकतो. शिवाय संशोधन, समीक्षा आणि वृत्तांकन यांसाठीच्या उचित वापराला कायद्याने मोकळीक दिलीच आहे. पण कलम ५७ प्रमाणे हक्क विकला तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार छायाचित्रकाराकडेच राहतो. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

प्रस्थापितांनी आमचे श्रम लुटले, असे आम्ही व्यासपीठावरून ठणकावून सांगतो. मग आमच्याच स्मरणिकांत, आमच्याच कॅलेंडरांवर छायाचित्रकाराचे नाव का नसते? सुरुवात घरापासून करू या. प्रत्येक फोटोखाली नाव छापा. आणि छायाचित्रकारांनो, बाबासाहेबांनी दिलेला कायद्याचा मार्ग धरा, आपला हक्क नोंदवा. जयभीम!