उडीआधी पंचांग

मढ, एरंगळ, आक्सा या मालाडच्या किनाऱ्यावरच्या कातळांवरून पाण्यात उडी मारायचं मनात असेल, तर आधी पंचांग उघडा. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढत आली आहेत: तिथीच्या अंकाच्या पाऊणपट. चतुर्थीला पूर्ण भरती साधारण 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता. पुढे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर पाणी 4 मीटरहून अधिक वर-खाली होतं. दुपारी बाराला खोल वाटलेल्या जागी संध्याकाळी उघडे खडक दिसतात.

10 मीटरवरून पडणारं शरीर ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळतं. म्हणून स्पर्धेत तेवढ्या उंचीखाली जवळपास 5 मीटर पाणी ठेवतात. इथलं पाणी गाळाने गढूळ; वरून खोलीचा अंदाज बांधणं हा निव्वळ मूर्खपणा. ओहोटीला तळ पाहून घ्यायचा, भरतीला दोरीला वजन बांधून खोली मोजायची. बाहेर पडायची वाटही आधीच शोधायची, कारण कालवांच्या धारदार, शेवाळलेल्या कातळावर लाटांतून चढणं उडीपेक्षा अवघड. पावसाळ्यात तर विषयच नको.

इतकं तपासल्यावर इथे उडीजोगी जागा क्वचितच उरते. हौस तरणतलावात, प्रशिक्षकासमोर भागवावी.