कडब्यामागची मोटारसायकल

तुमच्या घरामागच्या अंगणात, गोठ्यात किंवा एखाद्या मित्राच्या वाड्यात पोत्याने झाकलेली जुनी मोटारसायकल तुम्ही कधी पाहिली आहे का? तिचे टायर बसलेले असतात. सीट उंदरांनी कुरतडलेली असते. टाकीवर गंजाचे तांबडे डाग पडलेले असतात. कोंबड्या तिच्यावर बसतात, कोणी तिच्यावर ओले कपडे वाळत घालते. घरातील माणसे अधूनमधून म्हणतात, “आता ही भंगारात देऊन टाकू.” आजोबा मात्र काहीच बोलत नाहीत. नुसते तिच्याकडे पाहत राहतात.

या गाडीचे काय करावे? भंगारवाला तिला लोखंडाच्या भावाने नेईल. एकदा ती तुटली की पुन्हा मिळणार नाही. म्हणून घाई करू नका. आधी तिची ओळख करून घ्या.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील जुन्या माणसांना विचारा. ते राजदूत, जावा, येझदी, बुलेट अशी नावे सांगतील. या पाठात आपण येझदीचे उदाहरण घेऊ. तिची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९२९ साली युरोपातील प्राग शहरात ‘जावा’ हा मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. मालकाचे आडनाव होते यानेचेक आणि ज्या जर्मन कंपनीच्या गाडीवरून त्याने काम सुरू केले तिचे नाव होते वाँडरर. दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार झाले. जावा बेटाशी त्याचा काही संबंध नाही! पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस म्हैसूर येथे ‘आयडियल जावा’ हा कारखाना निघाला आणि या गाड्या भारतात बनू लागल्या. १९७० च्या दशकात त्यांना ‘येझदी’ हे नाव मिळाले. इराणमध्ये यज्द नावाचे एक प्राचीन शहर आहे. त्या शहराशी हे नाव जोडले जाते. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. अलीकडे जावा आणि येझदी ही नावे नव्या गाड्यांवर पुन्हा दिसू लागली आहेत; पण त्यांचे इंजीन निराळे आहे. तुमच्या गोठ्यातील गाडी म्हैसूरची असेल, तर तशी गाडी आता कोणी बनवत नाही.

आता कामाला लागू. पण पाना हातात घेण्याआधी एक काम करायचे आहे. गावातील एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे गेलात, तर ते पहिला प्रश्न विचारतील, “बेटा, कागद कुठे आहेत?” हा प्रश्न अगदी बरोबर आहे. गाडीचे नोंदणी पुस्तक शोधा. त्यावरील इंजीन नंबर आणि चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी ताडून पाहा. खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी ती परिवहन कार्यालयात नवी करून घ्यावी लागते. कागद हरवले असतील, तर त्यांची नक्कल मिळवण्याचे काम घरातील मोठ्या माणसांनी आधीच सुरू करावे. गाडी चकाचक झाली, पण कागद नाहीत, अशी वेळ आली तर ती अंगणातच उभी राहील. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली सरकारने वेगळे नियम केले आहेत. तुमची गाडी तेवढी जुनी असेल तर त्याचीही चौकशी करा.

कागद सापडले. आता गाडी बाहेर काढा, पण लगेच धुऊ नका. आधी तिच्याकडे नीट पाहा. कोणती वायर कोठे जाते, कोणता नट कोठे आहे, याची चित्रे वहीत काढा. घरात मोबाइल असेल तर फोटो घ्या. ही सूचना तुम्हांला क्षुल्लक वाटेल. मलाही वाटली होती. मी पहिल्यांदा एक जुनी गाडी उघडली, तेव्हा सगळे नट, बोल्ट आणि वायसर एकाच तेलाच्या डब्यात टाकले. उघडायला एक दुपार लागली. जोडायला दोन महिने लागले, आणि शेवटी सात वायसर उरले ते उरलेच! तेव्हापासून मी प्रत्येक भागासाठी वेगळी पिशवी ठेवतो आणि तिच्यावर चिठ्ठी लावतो.

साहित्य फार लागत नाही. दहा-अकरा, बारा-तेरा असे पाने, एक प्लगपाना, पेचकस, पक्कड, तारेचा ब्रश, रॉकेल किंवा डिझेल आणि जुन्या सुती कापडाच्या चिंध्या. पेचकस, औजार, दुरुस्ती, कारागीर, उस्ताद हे शब्द तुम्हांला मुळीच परके वाटणार नाहीत. गॅरेजमध्ये मराठी आणि उर्दू यांचे फार जुने शेजारपण आहे.

पहिली परीक्षा इंजिनाची. बरीच वर्षे उभ्या असलेल्या गाडीचा पिस्टन अनेकदा सिलिंडरमध्ये जाम झालेला असतो. हवेतील ओल आत जाते, पिस्टनभोवतीच्या रिंगा गंजतात आणि सिलिंडरला चिकटतात. आपला जिल्हा कोरडा आहे हे खरे. पण गोठ्यात शेण-मुताची ओल बारा महिने असते. कडब्याच्या ढिगाखाली पावसाचे पाणी साचते. अशा जागी लोखंड लवकर गंजते.

जाम झालेल्या इंजिनाला जोराने किक मारू नका. किकचा दांडा वाकेल, आतले दात तुटतील आणि छोटे काम मोठे होईल. प्लग काढा. त्या छिद्रातून थोडे डिझेल आणि थोडे तेल आत सोडा. मग गाडीला दोन-चार दिवस स्वस्थ राहू द्या. त्यानंतर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवा. पिस्टन केसभर जरी हलला, तरी आशा आहे असे समजा. आठवडाभरात काहीच हलले नाही, तर मिस्त्रीला बोलवा. सिलिंडरला खोल ओरखडे असतील, तर लेथवर त्याचे बोअरिंग करावे लागते. म्हणजे सिलिंडर आतून किंचित मोठा करतात आणि त्यात तेवढाच मोठा नवा पिस्टन बसवतात. हा फरक साधारण पाव मिलिमीटरचा असतो. हे काम घरी होत नाही.

इथे थोडे थांबून हे इंजीन चालते कसे ते समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. येझदीचे इंजीन दोन फटक्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक आहे. पिस्टन वर जातो तेव्हा वरचे पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी पिस्टनखालच्या बंद खोलीत नवे मिश्रण ओढले जाते. प्लगची ठिणगी पडते, स्फोट होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. खाली जाताना तो धूर बाहेर जाण्याची वाट उघडतो आणि खालचे ताजे मिश्रण वर पाठवतो. पेट्रोलची वाट पिस्टनखालूनच जात असल्यामुळे तिथे वेगळे तेल भरून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. एका लिटरला साधारण ३० ते ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल घालतात. तेल विसरलात, तर काही वेळातच पिस्टन तापून पुन्हा जाम होतो. अशा प्रकारे कितीतरी चांगली इंजिने एका चुकीपायी गेली आहेत.

आता लक्षात येईल की पिस्टनखालची खोली हवाबंद असायलाच हवी. ती हवाबंद ठेवण्याचे काम रबरी ऑइल सील करतात. वर्षानुवर्षे उभे राहून हे रबर कडक होते. मग बाहेरची हवा आत शिरते किंवा गिअरचे तेल आत ओढले जाते. गाडी सुरू झाल्यावर पांढरा धूर थांबतच नसेल आणि गिअरचे तेल कमी होत असेल, तर या सीलवर संशय घ्या. सील अगदी स्वस्त असतो. पण तो बदलण्यासाठी इंजीन उघडावे लागते. इंजीन एकदा उघडलेच असेल, तर सगळे सील नवेच घाला. जुने चालतील म्हणून ठेवू नका. इथे काटकसर करणे मला तरी पटत नाही.

पेट्रोलच्या टाकीचे काम सर्वांत धोक्याचे आहे, म्हणून ते मोठ्या माणसांच्या देखतच करा. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंत पोहोचू शकते. टाकी उघड्यावर साफ करा, जवळ विडी, चूल किंवा दिवा नको. टाकीला भोक पडले असेल, तर तिला वेल्डिंग करण्याचा विचारही घरी करू नका. आतला गंज काढण्यासाठी टाकी साबणाच्या पाण्याने धुवा. नंतर लिंबूसत्त्वाचे गरम पाणी भरून ती रात्रभर ठेवा. लिंबूसत्त्व आम्ल आहे, ते गंज विरघळवते. चिंचेने तांब्याचे भांडे उजळते, तसाच हा प्रकार. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन आम्ल नाहीसे करा आणि टाकी उन्हात पूर्ण वाळवा. आपल्याकडच्या उन्हाळ्याचा एवढा तरी उपयोग! वाळल्याबरोबर आत थोडे तेल फिरवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज चढू लागेल.

कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकट थर झालेला असतो. तो उघडून धुवा. त्यातील जेटची भोके फार बारीक असतात. ती तारेने कोरू नका. फुंकून किंवा हवेच्या दाबाने मोकळी करा. सर्व रबरी नळ्या बदला. याला आजच्या काळातील एक कारणही आहे. आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासूनही बनते. शेतकऱ्यांना त्याचा लाभ होतो, पण जुन्या काळचे रबर त्यात फुगते आणि विरते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. म्हणून अशा गाडीच्या टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये.

ठिणगीची तपासणी सोपी आहे. जुन्या जावा-येझदीत सहा व्होल्टची बॅटरी असे. बॅटरी मेलेली असेल तर ठिणगी पडणारच नाही. चांगली बॅटरी लावा, पॉइंट बारीक पॉलिश कागदाने साफ करा, वायरी उंदरांनी खाल्ल्या आहेत का ते पाहा. निळी ठिणगी चांगली, तांबूस ठिणगी अशक्त. ही परीक्षा पेट्रोलपासून लांब करा.

आणि ब्रेक? गाडी सुरू करण्याच्या उत्साहात लोक ब्रेक विसरतात. धाराशिवहून तुळजापूरला जायचे, तर वाटेत चढउतार आहेत, ट्रक आहेत, नवरात्रात पायी चालणारे हजारो भाविक आहेत. गाडी चालली नाही तर कोणाचे काही बिघडत नाही; ती थांबली नाही, तर मात्र कोणाचा तरी जीव जाईल. ब्रेकचे लायनर नवे घाला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून ड्रममधील धूळ तोंडाने फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके फेकून द्या. टायरवर नक्षी शिल्लक दिसली तरी जुने टायर ठेवू नका. त्यांचे रबर कडक होऊन चिरलेले असते. ब्रेक आणि क्लचच्या केबलही नव्या घ्या.

रंगाचे काम शेवटी. बरेच लोक उलटे करतात. आधी लाल रंग मारतात, स्टीकर लावतात आणि मग पैसे संपतात. रंग चांगला असेल, तर तो तसाच राहू द्यावा असे माझे मत आहे. टाकीवर आजोबांच्या गुडघ्यांनी घासून पडलेली जागा नव्या रंगाखाली जाईल, ती पुन्हा कोठून आणणार? फक्त गंज घासा, साध्या मेणाचा हात फिरवा. एवढे लक्षात ठेवा की चासी नंबरवर रंगाचा जाड थर देऊ नये. तो वाचता आला पाहिजे.

हे सर्व करूनही प्रत्येक गाडी वाचत नाही. इंजिनाचा सांगाडाच फुटलेला असेल, चौकट गंजून आरपार गेली असेल, तर तिचे चांगले भाग काढून दुसऱ्या गाडीला देणे शहाणपणाचे. म्हणून खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा आणि दर आठवड्याला घरच्यांना दाखवा. आणि हो, गाडी तुम्ही दुरुस्त केली तरी रस्त्यावर ती तुम्हांला चालवता येणार नाही. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. तोवर हेल्मेट घालून मागे बसा.

सर्व जोडून झाले, तेल मिसळलेले ताजे पेट्रोल भरले, की गाडी मोकळ्या अंगणात उभी करा. येझदीत गिअरचा आणि किकचा दांडा एकच असतो. तो आत दाबून मागे फिरवला की त्याची किक होते. गाडी सुरू झाली की तोच दांडा पुन्हा पुढे आणून गिअर टाकायचा. ही युक्ती नव्या माणसाला सापडत नाही. तो गोंधळून दांडा ओढत बसतो. घरात ती बहुधा एकाच माणसाच्या पायाला माहीत असते. आजोबांसाठी खुर्ची बाहेर आणा. गुडघे दुखत असतील, तर ते बसल्या जागेवरून सांगतील आणि काका किक मारतील. पहिल्या दहा-बारा किका फुकट जातील. मग एकदम निळसर धूर निघेल, दोन्ही सायलेन्सर बोलू लागतील आणि अंगणातील कोंबड्या पळत सुटतील.