नंदुरबारात पाहुण्यानं काय खावं, काय प्यावं?

नंदुरबारला कुणी निघालं की घरचे त्याच्या पिशवीत आधी आम्लपित्ताच्या गोळ्या टाकतात. कारण एकच, मिरची. गुंटूरच्या खालोखाल मिरचीची मोठी बाजारपेठ म्हणून या गावाचं नाव घेतलं जातं. त्यात थंडीच्या दिवसांत गावाबाहेरच्या पथारींवर लालभडक मिरची पसरलेली दिसली, की इथल्या जेवणाविषयी पाहुण्याचं मत जेवायच्या आधीच बनलेलं असतं.

पण पथारीवरची मिरची हा व्यापाराचा माल आहे. पावसाळा संपत आला की ओली लाल मिरची बाजारात येऊ लागते. व्यापारी ती विकत घेऊन उन्हात वाळवतात, बाया बसून तिचे देठ खुडतात आणि पोती मसाल्याच्या कारखान्यांकडे, परराज्यांतल्या बाजारांकडे रवाना होतात. अवकाळी पाऊस आला तर पथारीवरचा माल भिजून व्यापाऱ्याचं दिवाळं निघतं, ताटातल्या भाजीला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय रंगावरून तिखटपणा ओळखताच येत नाही. मिरचीचा लाल रंग कॅप्सँथिनमुळे येतो, जिभेला लागणारा जाळ कॅप्सेसिनमुळे. भडक लाल मिरची सौम्य असू शकते, ब्याडगी हे सगळ्यांच्या स्वयंपाकघरातलं उदाहरण.

ढाब्यावरची शेवभाजी मात्र तिखट असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या घासाला ठसका लागला की पाहुणा पाण्याचा पेला उचलतो आणि इथेच चुकतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी ते तोंडभर पसरवतं. ते तेलात आणि स्निग्धांशात विरघळतं, आणि दुधातलं केसीन हे प्रथिन त्याला जिभेवरून सोडवून नेतं. म्हणून वाटीभर दही मागवावं. मिरचीचा जोर वर तरंगणाऱ्या तर्रीत उतरलेला असतो, तेव्हा मागवतानाच ‘तर्री कमी’ म्हणून सांगावं. कुणी हसत नाही.

शेवभाजी म्हणजेच खानदेशी जेवण, ही समजूतही ढाब्यांनीच पसरवली. ढाब्याच्या दृष्टीनं हा पदार्थ सोयीचा: शेव डब्यात टिकते, काळ्या मसाल्याचा रस्सा तयार असतो, पाच मिनिटांत ताट पुढे येतं. घरातलं जेवण ऋतूप्रमाणे बदलतं. थंडीत पांढरट-हिरवी मोठी वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजून केलेलं भरीत आणि त्याबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. अक्षय तृतीयेला, म्हणजे इथल्या आखाजीला, उपड्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे आणि आमरस. एरवी तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी, वरण-बट्टी, डुबुकवडे. यातल्या कितीतरी पदार्थांत मिरची नावालाच असते. तुरीची डाळ तर याच जिल्ह्यातल्या नवापूरची आवर्जून विकत घ्यावी. तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते चवीनं सार्थ ठरवलं आहे असं माझं मत आहे.

नवापूरचं नाव काढलं की दुसरी भीती पुढे येते, तिथली कोंबडी खाऊ नका. यामागे खरी घटना आहे. भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली ती फेब्रुवारी 2006 मध्ये, नवापुरातच. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, कुक्कुटपालन करणारे बुडाले. 2021 च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच घडलं. पण 2006 च्या साथीत तिथल्या एकाही माणसाला लागण झाल्याचं तपासणीत आढळलं नाही. हा विषाणू 70 अंश सेल्सिअसला मरतो, रस्सा तर त्याहून कितीतरी वर उकळतो. साथ असते तेव्हा बाधित परिसरातली विक्रीच सरकार थांबवतं, आणि साथ नसते तेव्हा नवापूरची कोंबडी पुण्याच्या कोंबडीहून अधिक धोक्याची नसते. अर्धकच्चं मांस आणि अंडं टाळायचं, एवढंच, आणि ते कुठेही टाळायचं.

याच नवापूरचं रेल्वे स्थानक काही महाराष्ट्रात आणि काही गुजरातच्या तापी जिल्ह्यात आहे. फलाटावरच्या सीमारेषेवर लोक फोटो काढतात, आणि इथेच पिण्याविषयीचा गोंधळ सुरू होतो. पलीकडे दारूबंदी, अलीकडे सगळं मोकळं, असं सरसकट मानलं जातं. वस्तुस्थिती अशी की दोन्हीकडच्या कायद्याचं मूळ एकच, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. 1960 मध्ये राज्यं वेगळी झाल्यावर गुजरातनं बंदी कायम ठेवली आणि महाराष्ट्रानं परवान्याची वाट काढली. त्यामुळे महाराष्ट्रातही मद्य प्यायला कागदोपत्री परवाना लागतो, एका दिवसाचा किंवा आजीवन. बिअरसाठी वय 21 आणि कडक मद्यासाठी 25 पूर्ण हवं. तो परवाना दाखवून बाटली पलीकडे नेता येत नाही. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला गुजरात वेगळा परवाना देतं, पण तो तिथल्या अधिकृत विक्रीच्या ठिकाणापुरता. स्थानक रेल्वेचं म्हणून तिथे राज्याचा कायदा चालत नाही, ही फलाटावरची पोपटपंची पोलीस ऐकून घेत नाहीत.

सर्वांत जास्त गैरसमज मोहाविषयी आहेत. काठी गावची होळी पाहायला अक्कलकुवा तालुक्यात गर्दी लोटते आणि तिच्यातले काहीजण ढोलापेक्षा मोहाच्या शोधातच अधिक असतात. मोह म्हणजे दारू, एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली मोहाच्या फुलांचा सडा पडतो. ती वेचून वाळवतात, भाजून खातात, भाकरीत नि लाडवात घालतात, आणि बियांचं तेल स्वयंपाकाला वापरतात. टंचाईच्या दिवसांत या फुलांवर घरं तगली आहेत. तरी सरकारी नजरेला ती कायम दारूचा कच्चा माल वाटत आली. इंग्रजांनी 1878 चा अबकारी कायदा आणला. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच खास कायदा केला. महाराष्ट्रात फुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहून नेणं यावरचे निर्बंध उठले ते 2021 मध्ये. आता वाळलेली फुलं तुम्ही बिनदिक्कत विकत घेऊन घरी नेऊ शकता.

दारूचं तसं नाही. आदिवासी भागात तिला सूट आहे असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. शेजारच्या मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरासाठी ठरावीक मर्यादेत ती गाळण्याची मुभा आहे, तीच इकडे लागू असेल असं ते धरून चालतात. महाराष्ट्रात विनापरवाना दारू गाळणं आणि विकणं हा गुन्हा आहे. आदिवासी क्षेत्रांसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला अधिकार दिला तो मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा. पाहुण्याला सवलत त्यात कुठे नाही. ‘नैसर्गिक आहे, बाधत नाही’ हेही खरं नाही. हातभट्टीच्या नावाखाली बाटलीत काय आहे हे विकणाराच जाणे. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला आणि 2022 मध्ये गुजरातेत बोटादला माणसं मेली ती मिथाइल अल्कोहोलनं. त्याला वेगळा रंग नसतो आणि वासावरून ते ओळखता येत नाही. देवापुढे मोहाची धार धरणाऱ्या समाजाच्या रीतीला हातभट्टीच्या धंद्याच्या रांगेत बसवू नये, आणि त्या रीतीचं निमित्त करून बाटली मागू नये.

राहिलं तोरणमाळ. थंड हवेचं ठिकाण म्हटलं की डोळ्यांपुढे महाबळेश्वरची बाजारपेठ येते. सुमारे 1,150 मीटर उंचीवरच्या या पठारावर यशवंत तलाव आहे, सीताखाई आहे, नाथांची स्थानं आहेत, पण उपाहारगृहांची रांग नाही. ‘आदिवासी थाळी’ची पाटी शोधत फिरलात तर उपाशी राहाल. मक्याची किंवा ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, भगर, रानभाज्या हे पाड्यावरच्या घरांत शिजतं, तेही त्या घराच्या पोटापुरतं. नंदुरबार हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे आणि इथल्या कुपोषणाच्या बातम्या जुन्या नाहीत. त्यामुळे कुणी जेवू घातलं तर फुकटचा पाहुणचार समजून उठून येऊ नये. पैसे नको म्हणाले तर त्याच घरातून आमचूर विकत घ्यावं. एप्रिल-मेमध्ये धडगावच्या डोंगरांत कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून ते घरोघर केलेलं असतं आणि व्यापारी त्याचा भाव पाडूनच नेतो. तुम्ही रास्त भाव द्या. आणि तोरणमाळला मुक्काम असेल तर वाटेतलं शहादा सोडण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून किती माणसं, किती वाजता जेवणार ते कळवा, कारण तिथे सांगितल्याशिवाय चूल पेटत नाही.