मोबाईल आला, तरी गावात वाचनालय कशाला?

1967 च्या ग्रंथालय कायद्यानुसार आपल्याकडं वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अनुदान वर्ग बघून मिळतं. खेड्यातली लहान वाचनालयं बहुतेक खालच्या वर्गात, त्यामुळं नवीन पुस्तकांना पैसा पुरत नाही.

पण मराठी विश्वकोशाचे 20 खंड ठेवायला अख्खं कपाट लागतं, तेच आता मोबाईलवर फुकट वाचता येतात. बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये मिळतात. मात्र नेमकं कुठं शोधायचं, खरं कोणतं, हे दाखवणारं माणूस लागतं. ते काम ग्रंथपालाचं. वाचनालयात वायफाय असेल तर पोरं तिथंच पुस्तक उतरवून घेतात, मग घरी रेंज नसली तरी अभ्यास अडत नाही.

तुमच्या वाचनालयात ही सोय नसेल, तर येत्या ग्रामसभेत विषय मांडा.