दुकानाचा सर्व्हर आणि घराची अमानत

कागलसारख्या गावात खाली दुकान आणि वर घर, अशी अनेक कापड व्यापाऱ्यांची रचना असते. त्यामुळे दुकानासाठी घेतलेली वस्तू हळूहळू घराचीही होऊन जाते. इन्व्हर्टरचे तसे झाले, टेलिफोनचे झाले, आणि आमच्याकडे सर्व्हरचेही झाले. त्यात फायदा झाला तसा एक मोठा तोटाही झाला. दोन्ही गोष्टी व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडतील म्हणून येथे मांडत आहोत.

सर्व्हर म्हणजे फार मोठे प्रकरण नव्हे. तोही एक संगणकच; फरक इतकाच की तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्याच्यात ठेवलेला हिशेब इतर संगणकांना पुरवतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा आमच्याकडे काउंटरवर एक आणि आत हिशेबाला एक असे दोन संगणक झाले. दोघांना एकच खातेवही दिसावी म्हणून आम्ही लहानसा सर्व्हर घेतला. पण कापड दुकानाचा हिशेब म्हणजे केवळ आकडे! आमच्या सात वर्षांच्या हिशेबाने त्यातला कोपराही भरला नाही.

इचलकरंजीला असणारा आमचा भाचा एकदा म्हणाला, "मामू, एवढी जागा रिकामी पडली आहे. घरातल्या लग्नांच्या कॅसेटी यात उतरवून घेऊ." सूचना पटली. जुन्या व्हिडिओ कॅसेटचा एक तास साधारण दोन जीबीत मावतो. जेलीफिन नावाचे फुकट सॉफ्टवेअर त्याने बसवले आणि वरच्या मजल्यावरच्या टीव्हीवर बहिणीचे लग्न दिसू लागले. यासाठी इंटरनेटही लागत नाही, घरातल्या घरात वायफाय किंवा वायर पुरते. विजेचे म्हणाल तर ४० वॉटचा सर्व्हर महिनाभर अखंड चालला तर सुमारे २९ युनिट होतात. मात्र जुना, मोठा, १०० वॉट खाणारा सर्व्हर स्वस्तात मिळाला म्हणून घ्याल, तर तेच ७२ युनिट होतील. हा हिशेब आधी करावा.

याच सर्व्हरमध्ये अब्बांची एक ध्वनिफीतही उतरवली होती. मुरगूड, कापशी, निपाणी असे बाजार सायकलवर गठ्ठा बांधून कसे केले, पहिला उधारीचा व्यवहार कसा बुडाला, हे त्यांनी अर्धा तास सांगितलेले होते. कॅसेटला इकडच्या पावसाळी हवेने बुरशी आली होती. संगणकात उतरली म्हणून आम्ही ती टाकून दिली.

गेल्या वर्षी रमजान ईदच्या ऐन सीझनमध्ये घरातल्या एका मुलाने फुकट सिनेमाच्या नादात काहीतरी उतरवून घेतले. सकाळी दुकान उघडले तर एकही फाइल उघडेना. पडद्यावर खंडणीची मागणी! हा प्रकार नवा नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या अशाच व्हायरसने दीडशेहून अधिक देशांतील संगणक बंद पाडले होते. त्यावरचा उपाय कंपनीने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी संगणक अद्ययावत केले नव्हते ते सापडले.

आम्ही निश्चिंत होतो, कारण सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या आणि एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटत होते. भाच्याने फोनवर समजावले, "मामू, तो आरसा आहे. एक डिस्क जळाली तर दुसरी कामाला येते. पण एकीवर कुलूप पडले की दुसरीवरही पडते." पैसे देऊनही किल्ली मिळेलच अशी हमी नसते, म्हणून आम्ही ते दिले नाहीत.

हिशेब परत उभा राहिला. महिन्याला एकदा बाहेरच्या डिस्कवर त्याची प्रत घेत होतो. मधल्या दिवसांची खरेदी इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांनी आपल्या वहीतून काढून दिली, विक्री बिलबुकातून मिळाली, उधारी बहुतेक गिऱ्हाइकांनी स्वतः सांगितली. चार दिवसांत गाडी रुळावर आली. पण बाहेरच्या डिस्कवर आम्ही फक्त हिशेब घेत होतो. घरच्या चीजवस्तूंना कोण विचारतो? बहिणीच्या लग्नाची मूळ कॅसेट तिच्याकडे होती. अब्बांचा आवाज मात्र गेला.

हिशेबाची प्रत ठेवा, असे कायदाच सांगतो. जीएसटीच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. नियम ५७ प्रमाणे संगणकातील नोंदींचा बॅकअप असा हवा की अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ नष्ट झाले तरी माहिती वाजवी वेळेत परत उभी करता यावी. घरच्या आठवणींसाठी असा कोणताही नियम नाही. आणि खरे पाहता हिशेबाची दुसरी बाजू समोरच्या व्यापाऱ्याच्या वहीत असतेच. वडिलांच्या आवाजाची दुसरी बाजू कोणाच्याही वहीत नसते.

प्रत कोठे ठेवावी, हे २०१९ च्या ऑगस्टने शिकवले. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांवर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. कोल्हापुरातील आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा संगणक आणि त्याच्या बॅकअपची डिस्क एकाच टेबलाच्या खणात भिजली.

तेव्हा आता आम्ही जे करतो ते असे:

१. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आमची तिसरी डिस्क निपाणीला बहिणीच्या घरी असते.

२. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवतो. जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यापर्यंतही पोहोचतो.

३. दुकानाचा आणि घराचा कप्पा वेगळा, पासवर्ड वेगळा. मुलांना फक्त पाहण्याची परवानगी, लिहिण्या-पुसण्याची नाही.

४. प्रत घेताना हिशेबाचा प्रोग्राम सर्व संगणकांवर बंद ठेवतो, म्हणजे अर्धवट नोंद जात नाही.

५. महिन्यातून एकदा प्रत उघडून पाहतो. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेला गल्ला.

६. मूळ कॅसेट, मूळ फोटो टाकून देत नाही.

गेल्या महिन्यात बहिणीच्या जुन्या फोनमध्ये अब्बांचे दीड मिनिटाचे बोलणे सापडले. नातवाला कापडाचा पोत बोटांनी कसा ओळखावा ते सांगत आहेत. ते आम्ही त्याच दिवशी तीन ठिकाणी ठेवले. वाचक बंधूंनी आपल्या घरातही अशी एखादी कॅसेट, एखादा जुना फोन पडून आहे का, ते या आठवड्यातच पाहावे.