मनाचे औषध आणि हृदयाची लय

घरातील एखादे माणूस भ्रमिष्ट झाले म्हणजे सारे घर हवालदिल होते. कोणी बोलत नसता आवाज ऐकणारा, शेजाऱ्यांच्या संशयाने रात्र रात्र जागणारा मुलगा औषधाने पुन्हा पंगतीत येऊन बसू लागला की आईवडिलांस त्या गोळीचे मोल कोणी सांगावयास नको. ही किमया फार जुनीही नव्हे. क्लोरप्रोमाझीन या औषधाचा असा गुण पॅरिसमधील डॉ. दले व डॉ. देनिकेर यांनी १९५२ साली जगापुढे मांडला.

तथापि अशा गोळीचे कार्य मेंदूपाशीच थांबत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते आणि त्या पुढील ठोक्यास सिद्ध होतात. या वर्गातील काही औषधे पोटॅशियमची ही वाट थोडीशी अडवितात, त्यामुळे हृदयास सावरण्यास अधिक वेळ लागतो. कार्डिओग्रामवर हा काळ ‘क्यूटी’ या नावाने मोजतात. नाडीच्या गतीचा हिशेब धरूनही तो ५०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या, पुढे गेला तर एक भयंकर लय सुरू होण्याचा धोका वाढतो. रोग्यास घेरी येते, शुद्ध हरपते. क्वचित मृत्यूही ओढवतो. थायोरिडाझीन हे एके काळी बरेच वापरले जाणारे औषध याच दोषापायी मूळ उत्पादकांनी २००५ साली मागे घेतले.

क्लोझापीनची गोष्ट निराळी. इतर औषधांनी गुण न आलेल्या रोग्यांना ते तारते. परंतु क्वचित, विशेषतः पहिल्या एकदोन महिन्यांत, त्याने हृदयाच्या स्नायूस सूज येते. ताप, धाप, छातीत दुखणे, नाडीची धावपळ ही त्याची लक्षणे. त्यांना साधा फ्लू समजून घरी काढा देत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे.

हे सारे विरळा घडते. भिऊन आपल्याच मनाने गोळ्या बंद केल्यास मूळ आजार उलटतो, आणि ते संकट काही विरळा नव्हे. औषध सुरू करण्यापूर्वी कार्डिओग्राम काढावा काय, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे. घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात दगावले असल्यास तेही सांगावे.

आमच्या मते खरी अडचण औषधापेक्षा लपवाछपवीची आहे. बहिणीचे लग्न ठरावयाचे आहे, चाळीत बोभाटा नको, म्हणून तापखोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना मनाच्या औषधाची चिठ्ठी कपाटातच राहते. ते बिचारे अजाणता अॅझिथ्रोमायसीन लिहून देतात, ओकारीवर ऑनडॅनसेट्रॉन देतात. ही औषधेही क्यूटी लांबवितात! त्यात जुलाबवांत्यांनी शरीरातील पोटॅशियम घटलेले असले म्हणजे धोका दुणावतो. ती चिठ्ठी रोग्याच्या खिशात असावी, आणि औषधाच्या दुकानदारासही दाखवावी.

यांपैकी कित्येक गोळ्यांनी उभे राहताच रक्तदाब उतरतो. म्हणून पहाटे उठताना रोग्याने मिनिटभर खाटेच्या कडेवर बसावे, मग उभे राहावे. वृद्ध असल्यास कोणीतरी हाताशी असावे.