दांडग्या ताऱ्यांना सवड कुठे?

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास कळंबा तलावाकडे पाय मोकळे करायला गेलात, तर आग्नेयेकडे जरा बघा. तांबूस चमकते ती ज्येष्ठा. तिला सूर्याच्या जागी ठेवले तर मंगळाची कक्षासुद्धा तिच्या पोटात जाईल. एवढ्या ताऱ्याभोवती ग्रहांचा गोतावळाही मोठाच असणार, असे वाटणे साहजिक आहे. गणित मात्र उलटे निघते.

तारा जितका जड, तितका त्याचा गाभा जास्त तापतो आणि तितके त्यातले इंधन भराभर संपते. सूर्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षे. त्यातली ४६० कोटी उलटली. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा मात्र दोन-अडीच कोटी वर्षांत आटोपतो. शिधा दहापट, खाणे हजारोपट! आपली पृथ्वी घडायलाच काही कोटी वर्षे लागली. म्हणजे तिथे पृथ्वीसारखा ग्रह पुरता तयार होण्याआधीच तारा फुटायचा. त्यात ज्या वायू-धुळीच्या चकतीतून ग्रह जमतात, तीही अशा ताऱ्याच्या प्रखर अतिनील किरणांनी लवकर उडून जाते. म्हणूनच सूर्याच्या तिप्पट वस्तुमानापलीकडच्या ताऱ्यांना ग्रह नसावेतच, असे अनेक खगोलशास्त्रज्ञ मानत.

डिसेंबर २०२१ मध्ये या समजाला धक्का बसला. नरतुरंग तारकासमूहातील बी सेंटॉरी (प्रसिद्ध बीटा नव्हे, नुसता बी) ही जोडतारा आपल्यापासून ३२५ प्रकाशवर्षांवर आहे. दोघांचे मिळून वस्तुमान किमान सहा सूर्यांइतके. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपला त्यांच्याभोवती चक्क एक ग्रह दिसला, गुरूच्या सुमारे ११ पट जड. तो टिकला कसा? त्याचे उत्तर बहुधा अंतरात आहे. गुरू सूर्यापासून जितका दूर, त्याच्या शंभरपट दूर तो फिरतो. इतक्या लांब, इतक्या झटपट तो घडला कसा, यावर अजून खल चालू आहे.

पुढच्याच वर्षी वृश्चिकाच्या शेपटीतील म्यू-२ या नऊ सूर्यांइतक्या ताऱ्याजवळही असा एक सोबती नोंदवला गेला. पण त्याला ग्रह म्हणावे की तारा होता होता राहिलेला गोळा, हे सीमारेषेवरचे प्रकरण आहे.

जीवसृष्टी शोधणाऱ्यांनी इकडे फार वेळ घालवू नये, असे मला वाटते. तिथे उत्क्रांतीला सवडच नाही. पण हिशेबाला दुसरी बाजूही आहे. विश्वातला बहुतेक ऑक्सिजन अशाच जड ताऱ्यांच्या पोटात शिजला आणि ते फुटल्यावर बाहेर पडला. कळंब्याच्या पाण्याच्या वजनात जवळपास नव्वद टक्के वाटा त्याचाच.

बी सेंटॉरी नुसत्या डोळ्यांनी दिसते, पण अंधूक. शहराच्या उजेडाकडे पाठ करा, नक्षत्रांचा नकाशा जवळ ठेवा आणि मृगाचे ढग दाटण्याआधी दक्षिणेला शोधा. ग्रह अर्थातच दिसणार नाही.